नदीकाठचा रुमाल

लेकीकडे जपानला गेले होते, तेव्हा तिने एका खेड्याजवळची दरी दाखवायला नेलं. दोन्ही बाजूंना उभे कातळ आणि तळाशी हिरवी, नितळ नदी. लेक फोटो काढत मागे राहिली. मी पाण्याशी गेले, बोटं बुडवली आणि सवयीने डोळ्यांना लावली. कुठलीही नदी भेटली की आम्ही आधी हेच करतो.

शेजारच्या खडकावर डबा खात बसलेली एक जपानी आजी लगबगीने उठली. माझ्या डोळ्यांत काहीतरी गेलंय, असं तिला वाटलं असावं. तिने घडीचा रुमाल काढला, माझी हनुवटी धरली आणि डोळे हलकेच टिपले. तिला कुठल्या भाषेत समजावणार? मी चेहरा तसाच पुढे धरला. या वयात माझी हनुवटी धरणारं आता उरलंय कोण!

तिने काहीतरी विचारलं. शब्द कळले नाहीत, पण सूर ओळखीचा होता. डोळ्यात फुंकर घातल्यावर आई विचारायची तसाच, "गेलं का गं?"

"गेलं," मी मराठीतच म्हणाले.

ती समाधानाने डब्याकडे वळली. मग मी नदीला पुन्हा नमस्कार केला. या वेळी नुसते हात जोडले. डोळे आधीच ओले होते.