लग्नघरातून बाहेर आणलेलं मडकं

माझ्या नातवंडांनो,

परवा फोनवर तुम्ही मला मातीनं भरलेले हात दाखवलेत. तिकडं हौसेचा वर्ग लावलाय म्हणालात. "आजी, आपल्या घराण्याची कला! चाकावर बसलं की किती शांत वाटतं!" मी हसले. फोन ठेवल्यावर हसू आलं नाही. तुमच्या आईबापांना हे कधी ऐकायचं नव्हतं. तुम्ही आपणहून चाकापाशी गेलात, तेव्हा तुम्हाला सांगायलाच हवं.

फुलंब्रीजवळचं आमचं गाव. पोलीस ॲक्शनला दहा-बारा वर्षं झाली असतील. निजाम गेला होता, गावाचे मालक होते तिथंच होते. त्यांच्या मुलीचं लग्न निघालं. मांडवात मांडायची मडकी आमच्या घरची. बा चाकावर घडवायचा, माय चुन्यानं आणि गेरूनं रंगवायची. गाढवावर लादून माय आणि मी ती घेऊन गेलो.

"लांब हुबी ऱ्हा गं. लिदीचा वास येतोय," मालकीणबाई म्हणाल्या.

मातीत लीद कालवावी लागते, त्याशिवाय मडकं भाजताना टिकत नाही. त्याच मडक्यांतलं पाणी त्यांना गोड लागायचं.

गिऱ्हाईक मडक्यावर टिचकी मारून बघतं. चांगलं भाजलेलं खणखणतं. तडा असला तर बद्द वाजतं. आणि आमच्याकडं एक रीत होती. लग्नघरात आलेलं मडकं रिकामं परत न्यायचं नाही. नेलं तर त्या घराचं भरलेपण जातं म्हणत. नापसंत पडलेलं तिथंच फोडायचं, आणि ते कुंभारानं स्वतःच्या हातानं फोडायचं.

बाईंनी पहिल्या मडक्यावर टिचकी मारली. खण्ण वाजलं. अंगणातल्या सगळ्या बायकांनी ऐकलं.

"बद्द वाजतंय. फोड."

मी फोडलं.

दुसरंही खणखणलं. तेही बद्द ठरलं. मग त्या माझ्याकडं वळल्या. "साळंत जातीस म्हनं? मास्तर लई गुण गातोय तुझं."

"व्हय."

"इंग्रजी बी येतं?"

"व्हय."

"मग सांग, गाढवाला काय म्हणत्यात?"

"डाँकी."

"अन् तुझ्या बापाला?"

मला कळलं नाही. बापाचा धंदा विचारतात असं वाटलं. "पॉटर," मी म्हणाले.

"अगं बया! मला वाटलं, दोघांला एकच शबुद असंल."

बायका हसल्या. नवरी उंबऱ्यात बसली होती, माझ्याच वयाची. तिची शाळा चौथीतच सोडवली होती. तीही हसली.

"म्हण मोठ्यानं. माझा बाप डाँकी. अन् एकेक फोड."

मी मायकडं पाहिलं. माय हसत होती. "म्हण गं बाई. बाईसाहेबांची करमणूक व्हतीय."

मी म्हणाले. फोडलं. पुन्हा म्हणाले. पुन्हा फोडलं. बाच्या बोटांच्या रेघा खापरांवर दिसत होत्या.

"रखमे, उद्यापासून हिची साळा बंद कर. नायतर गावात तुझं मडकं खपायचं नाय."

"व्हय, बाईसाहेब," माय म्हणाली. लगेच. विचारसुद्धा न करता.

तेव्हा माझ्या हातात एक मडकं होतं. मी त्याच्यावर टिचकी मारली. खण्ण.

"हे वाजतंय," मी म्हणाले.

"फोड म्हणलं ना!"

"हे वाजतंय, बाई."

मी ते रिकामं मडकं डोक्यावर घेतलं आणि मांडवातून, पुढच्या दारानं बाहेर पडले. मागं हसणं थांबलं. मग एक बाई किंचाळली. मी पळाले नाही.

संध्याकाळी मालकांच्या गड्यांनी आमच्या अंगणात बैल घातले. वाळत ठेवलेली कच्ची मडकी, महिन्याभराची मेहनत, खुरांखाली चिरडली. ते गेल्यावर बानं थापी उचलली. मडकं थोपटायची लाकडी थापी. त्या थापीनं त्यानं मला मारलं. माझा डावा कान तेव्हापासून कमी ऐकतो. तुम्ही फोनवर ओरडून बोलता ते त्यामुळं. म्हातारपणामुळं नाही.

मग बा चिरडलेली मडकी पाण्यात टाकू लागला. कच्चं मडकं भिजवलं की पुन्हा माती होते. भाजलेलं होत नाही.

मायनं मला मावशीकडं औरंगाबादला पाठवलं. मार चुकावा म्हणून नाही. "हितं राह्यलीस तर मी पुन्हा व्हय म्हणंन," ती म्हणाली. शाळा मी तिथंच पुरी केली आणि पुढं इंग्रजीचीच शिक्षिका झाले. गावानं आमच्याकडून मडकी घेणं बंद केलं. बा वेरूळला देवळाच्या रस्त्याकडेला माल मांडून बसायचा. मरेपर्यंत माझ्याशी बोलला नाही. त्या अंगणात मी त्याच्याबद्दल जे म्हणाले होते, ते मायनं त्याला सांगितलं होतं.

मी कुणाला माफ केलेलं नाही. माझ्या वतीनं तुम्हीही करू नका. चाकावर जरूर बसा. पण घराण्याची कला म्हणून फोटो दाखवाल, तेव्हा त्या अंगणाचंही सांगा. आणि चांगल्या वाजणाऱ्या वस्तूला कुणी बद्द म्हणालं तर होकार देऊ नका. पोट त्याच्या हातात असलं तरी नाही.

ते मडकं इथं औरंगाबादेत, उस्मानपुऱ्यातल्या माझ्या घरात पुढच्या दाराशी आहे. त्यात मी कधी पाणी भरलं नाही. रंग उडालाय. काठ एका जागी खडबडीत झालाय. आज सकाळी उजवा कान जवळ नेऊन टिचकी मारली.

वाजतंय.