आमच्या घरच्या अर्ध्या बातम्या

या ग्रुपवर मी आजपर्यंत फक्त कमेंट करत आले, आणि माझ्या कमेंट बहुतेकांना आवडत नाहीत हे मला माहीत आहे. कोणी लिहिलं की पंखा आपोआप सुरू झाला, की मी खाली लिहायची - वायरिंग तपासून घ्या. कोणाला माळ्यावर पावलं ऐकू आली, तर मी - मांजर असेल. सहावी-सातवीला विज्ञान शिकवते मी, दुसरं काय लिहिणार? त्यामुळे आज हे लिहिताना थोडी लाज वाटून राहिली आहे. पण घडलं ते घडलं. आणि हो, आमची मराठी जबलपूरची आहे, मध्येच हिंदी घुसते, सांभाळून घ्या.

आम्ही गोरखपूरला राहतो - यूपीतलं नाही, जबलपूरमधलाच एक भाग - बाजाराच्या मागच्या गल्लीत, वरच्या मजल्यावर. मी, माझे मिस्टर सुहास - ते रेल्वेत आहेत - आणि सासू-सासरे. समोरची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये दार नाही, नुसती कमान आहे. त्यामुळे समोरच्या खोलीत बोललेलं सगळं ओट्यापाशी ऐकू येतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

सासऱ्यांना आम्ही आप्पा म्हणायचो. फॅक्टरीत इन्स्पेक्शनला होते, तिथूनच रिटायर झाले. आयुष्यभर तयार झालेले पार्ट तपासून पास नाहीतर रिजेक्ट करायचं काम, आणि ती सवय घरीही सुटली नाही. भाजीत मीठ कमी पडलं तरी म्हणायचे, "रीवर्क." म्हणजे दुरुस्त करून परत आण. पण माणूस फार गोड. माझ्या माहेरी बालाघाटला मला इतक्या प्रेमाने कोणी रागावलं नसेल.

आता त्यांच्या रेडिओचं सांगते. समोरच्या खोलीत तिपाईवर एक जुना ट्रान्झिस्टर असायचा. सकाळच्या इंग्रजी बातम्या लागल्या, की आप्पा समोर खुर्चीत बसायचे. निवेदिकेने एक वाक्य वाचलं, की आवाजाचं बटण खाली. मग शिकणाऱ्याने ते वाक्य जसंच्या तसं म्हणायचं - तोच वेग, तीच चढउतार. बरोबर आलं, तर आप्पा चष्म्याच्या घराने तिपाईवर एकदा ठोकायचे. म्हणजे पास. चुकलं, तर दोनदा - रीवर्क. पास झाल्याशिवाय आवाज वर नाही. सुहास आणि माझी नणंद दोघंही असंच इंग्रजी शिकले.

गंमत अशी, की आपण बोलत असतो तेव्हा बातम्या काही थांबत नाहीत. त्यामुळे पुढचं एखादं वाक्य नेहमी जायचं. आमच्या घरी जगात सगळं अर्धंच घडायचं. कुठल्या तरी देशाचे पंतप्रधान दिल्लीला उतरायचे, पण कशाला आले ते कळायचं नाही. चक्रीवादळ किनाऱ्याकडे निघायचं आणि तिथेच राहायचं. मॅचमध्ये एकच टीम बॅटिंग करायची. शेवटी निवेदिका म्हणायची, "दॅट इज द एंड ऑफ द न्यूज." तेही म्हणावं लागायचं. ते वाक्य पास झाल्याशिवाय शिकवणी संपायची नाही, चहासुद्धा मिळायचा नाही.

मागच्या वर्षी आमच्या शाळेने सांगितलं की पुढच्या सत्रापासून सगळं इंग्रजीतून. जुन्या टीचर्सनी मॅनेजमेंटसमोर इंग्रजीत एक पाठ घेऊन दाखवायचा आणि मुलाखत द्यायची. जमलं तर ठीक, नाहीतर दुसरीकडे बघा. मी सगळं हिंदी मीडियममधून शिकलेली. वाचता येतं, लिहिता येतं, पण समोरच्याने फाडफाड सुरू केलं की मी मनात आधी त्याचं हिंदी करायला बसते. तोपर्यंत तो तीन वाक्यं पुढे. घरी येऊन मी ओट्यापाशी रडत बसले. मला ती शाळा सोडायची नव्हती. माझी पोरं होती ती.

आप्पा आत आले आणि म्हणाले, "काहून रडून राहिली? उद्यापासून बस."

मी म्हटलं, "आप्पा, फोनवर व्हिडिओ आहेत ना, त्याच्यावरून शिकते. परत परत लावून ऐकता येतं."

"परत लावता येतं म्हणूनच कान आळशी होतात बेटा. रेडिओ एकदाच सांगतो. अन् समजायच्या मागे नको लागू. आधी बोल, मग समज."

मग आमची शिकवणी सुरू झाली. पहिले काही दिवस नुसतं टक-टक, टक-टक. मग हळूहळू जीभ वळायला लागली. सासूबाई - त्यांना मी आई म्हणते - पोळ्या करता करता आतून ओरडायच्या, "सोडा हो तिला, डबा भरायचाय तिचा." आप्पा ऐकायचे नाहीत.

मी एकदा विचारलं, "आई, तुम्ही नाही शिकलात का यांच्याकडून?"

"एकदाच बसली होती मी. नवीन लग्न झालेलं, सगळं घर जमलेलं, अन् यांनी सगळ्यांसमोर मला रिजेक्ट केलं. रीवर्क पण नाही, सीधा रिजेक्ट. म्हटलं चलो, तुम्ही अन् तुमचा रेडिओ." आई हसून सांगत होत्या, पण पोळी जरा जोरातच लाटत होत्या.

हिवाळ्यातल्या एका सकाळी शिकवणी चालू असताना आप्पांनी एका वाक्यानंतर आवाज खाली केला. मी म्हटलं वाक्य. त्यांनी ठोकलं नाही. छातीवर हात ठेवून म्हणाले, "जरा थांब." आम्ही त्यांना घेऊन दवाखान्यात गेलो. ते परत आले नाहीत. घरी आलो तेव्हा तिपाईवर रेडिओ तसाच चालू होता, आवाज खाली केलेला. मीच बंद केला.

नर्मदेवर ग्वारीघाटाला सगळं यथासांग झालं, तेरावं झालं, पाहुणे गेले. मी सुहासला सांगून टाकलं की मी मुलाखत देणार नाही. मला जमणार नव्हतं. आप्पांशिवाय तर नाहीच.

एक दिवस सकाळी आई म्हणाल्या, "घर फार चूप झालंय, लाव तो रेडिओ." मी लावला. इंग्रजी बातम्या लागल्या. निवेदिकेने पहिलं वाक्य वाचलं... आणि आवाज गेला.

मी सेल दाबून पाहिले, बटण फिरवून पाहिलं. काही नाही. वैतागून, सवयीने, मी ते वाक्य पुटपुटले. आवाज परत आला. एक वाक्य झालं आणि पुन्हा गेला.

माझं पहिलं निदान तुम्ही ओळखलंच असेल. बटणाचा कार्बन गेला, म्हणजे आतली पट्टी झिजली. रविवारी सुहास रेडिओ घेऊन कमानिया गेटजवळच्या एका जुन्या दुकानात गेले. त्या भैयाने उघडला, साफ केला, स्प्रे मारला, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ठेवून घेतला. "सेट में कुछ नहीं है साहब, सुबह से बज रहा है, इंग्लिश न्यूज भी पूरी बजी." पैसे घ्यायलाही तयार नव्हता.

घरी आणला, सकाळी लावला. तेच.

मग मी प्रयोग केले, विज्ञानवाली ना शेवटी. गाणी लावली, नीट वाजली. हिंदी बातम्याही नीट. सुहासला एकट्याला इंग्रजी बातम्यांसमोर बसवलं आणि मी गच्चीवर गेले - सरळ वाजल्या. मी खाली येऊन खुर्चीसमोर बसले, एक वाक्य झालं आणि आवाज बंद. एक दिवस मी हट्टाने तोंड उघडलंच नाही. संपूर्ण बातम्या शांततेत गेल्या. दुसऱ्या दिवशी मुद्दाम चुकीचं म्हटलं. आवाज आला नाही. बरोबर म्हटलं, आला. सुहास माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "वैशाली, आप्पा तुझी सुट्टी मंजूर करून नाही राहिले." आम्ही दोघं हसलो, आणि मग मला रडूच आवरेना.

भीती वाटली का, असं विचाराल. नाही वाटली. कशी वाटणार? मी रोज सकाळी बसायला लागले. फक्त एक गोष्ट मी कधी केली नाही. शेवटचं वाक्य यायच्या आधीच मी रेडिओ बंद करायची. का, ते मी सुहासलाही सांगितलं नव्हतं. ते वाक्य म्हटलं की शिकवणी संपणार होती.

आईंना मात्र राग आला होता. खरा राग. "एवढी वर्षं संसार केला, अन् माणूस येतो तर सुनेला इंग्रजी शिकवायला. माझ्याशी एक शब्द नाही." मी हसण्यावारी नेलं. पण एका दुपारी शाळेतून लवकर आले तर आई तिपाईसमोर बसलेल्या. रेडिओवर जुनी गाणी मंद लागलेली, आणि आई बटणाकडे बघत होत्या. मला बघून उठल्या आणि म्हणाल्या, "धूळ पुसून राहिली होती." हातात फडकं नव्हतं. मला फार वाईट वाटलं त्या दिवशी.

मुलाखत मी दिली. पाठ बरा झाला. मग समितीतल्या एका सरांनी एक लांबलचक प्रश्न विचारला, इतक्या वेगात की पूर्वीची मी तिथेच गार पडले असते. मी घाबरून, सवयीने, त्यांचा प्रश्न हळू आवाजात जसाच्या तसा म्हटला. आणि म्हणता म्हणता तो मला कळला. उत्तर आपोआप आलं. यात अमानवीय काही नाही, ही आप्पांची पद्धत. माझी नोकरी राहिली. सुहासने खोव्याची जिलेबी आणली, आणि आईंनी पहिली जिलेबी आप्पांच्या फोटोसमोर ठेवली.

रात्री जेवताना आई म्हणाल्या, "झालं ना तुझं काम? आता ते शेवटचं म्हण अन् सोड त्यांना. तू रोज आधीच बंद करते, मला काय समजत नाही का? जीव अडकला आहे त्यांचा."

मी म्हटलं, "आई, मला नाही होणार."

नव्या सत्राच्या पहिल्या दिवशी मी साडी नेसून बातम्यांसमोर बसले. वाक्यामागून वाक्य झालं. शेवट जवळ आला तसा मी बटणावर हात ठेवला. तेवढ्यात आई आतून आल्या आणि त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. कणकेचा हात, ओला. "आज बंद नको करू," म्हणाल्या.

निवेदिका म्हणाली, "दॅट इज द एंड ऑफ द न्यूज." आणि आमच्या दोघींच्या हाताखाली ते बटण फिरलं. मी फिरवलं नाही. आईंनीही नाही, त्यांची बोटं माझ्या बोटांवर होती, मला कळलं असतं. बटण सावकाश खाली फिरलं आणि खोली शांत झाली.

मला ते वाक्य म्हणायचं नव्हतं, मी बटणाकडेच बघत राहिले.

मग आई बोलल्या. "दॅट इज द एंड ऑफ द न्यूज." जशीच्या तशी निवेदिका. तोच वेग, शेवटी आवाज तसाच खाली आणलेला. एवढी वर्षं ओट्यापाशी पोळ्या लाटत त्यांनी ते रोज ऐकलं होतं.

तिपाईवर टक् झालं. एकदा.

चष्म्याचं घर कपाटात होतं, आप्पांच्या कपड्यांबरोबर, कुलूप लावून. आमचे हात बटणावर होते. आतल्या खोलीतून सुहास दाढीचा साबण लावलेलेच बाहेर आले आणि म्हणाले, "कोण ठोकून राहिलं?"

आई खाली बसल्या. म्हणाल्या, "पास केलं मला." आणि लहान मुलीसारख्या रडल्या. मग म्हणाल्या, "उशीर केला, पण केलं."

त्यानंतर रेडिओ कधी थांबला नाही. आमच्याकडे आता पूर्ण बातम्या येतात. पंतप्रधान का आले ते कळतं, चक्रीवादळ येतं आणि जातंही, दोन्ही टीम बॅटिंग करतात. खरं सांगू, काही मजा नाही. तुम्ही खाली कार्बन, सैल स्क्रू, मनाचे खेळ लिहिणार, तर जरूर लिहा, मीही तेच लिहिलं असतं. पण ते सगळं मी आधीच तपासलंय.

आई आता रोज आप्पांच्या खुर्चीत बसून बातम्या ऐकतात. शेवटचं वाक्य म्हणतात, थोडं थांबतात, आणि मग चहा टाकायला उठतात.