‘व्हय सर’ला बंदी

फौजेच्या सिग्नलमधून, म्हणजे वायरलेसच्या कामातून, हवालदार म्हणून पेन्शनीत आलो आणि उमरग्याजवळच्या आमच्या गावच्या शाळेनं मला धरलं. गणिताला शिक्षक नव्हते. हेडबाई म्हणाल्या, "हवालदारसाहेब, सहावीचा एक तास तुम्ही घ्या." अकरा दहाला वर्गात हजर झालो. अपूर्णांकांची बेरीज शिकवली आणि विचारलं, "समजलं का?"

"व्हय सर!" छत उडायचं बाकी राहिलं.

गणित घातलं. अर्धा अधिक एक तृतीयांश. चौतीसपैकी एकतीस पोरांनी दोन पंचमांश लिहिलं. अरे, मग ‘व्हय’ कशाला म्हणालात? तिथंच ‘व्हय सर’ला बंदी घातली. नाही कळलं तर आमचा वायरलेसवरचा शब्द वापरायचा, "से अगेन." म्हणजे परत सांगा. कळलं तर मी सांगितलेलं आपल्या तोंडानं म्हणून दाखवायचं. कितीदाही विचारा, मी चिडणार नाही, असा शब्द दिला.

महादेवीनं तो खरा मानला. तिच्या घरी कन्नड, शाळेत मराठी. छेद म्हणजे काय, इथंच ती अडायची. एका तासात तिनं चारदा "से अगेन" म्हटलं. पोरं खुसखुसायला लागली. पाचव्या वेळी मी खडू आपटला. "कान आहेत का नाहीत?"

ती खाली बघून म्हणाली, "व्हय सर. समजलं."

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी हेडबाई म्हणाल्या, तिचे वडील शाळेतून नाव काढायचं म्हणतायत. हे असलं ‘समजलं’ मी स्वतः एकदा म्हटलेलं होतं.

तेव्हा मी नवा सिग्नलमन होतो. बर्फातली पोस्ट. खालचा बेस आणि पुढं गस्तीला गेलेली तुकडी, म्हणजे पेट्रोल, यांचं एकमेकांशी थेट बोलणं होत नसे. बेसचा निरोप ऐकून पेट्रोलला पोचवायचा, ही माझी ड्यूटी. पेट्रोलच्या सेटवर नाईक बालाजी. तुळजापूरकडचा, माझा जिवाचा दोस्त. वेळ चौदा वीस. बेसचा निरोप आला, एखादा शब्द आणि बाकी खरखर. मी म्हणालो, "से अगेन." परत खरखर. "से अगेन." खरखरीवर चढून बेसवरचा सीनियर ओरडला, "कान आहेत का नाहीत?"

मला लाज वाटली. "रॉजर," म्हणालो, म्हणजे निरोप कळला. ऐकू आलं होतं एवढंच: नाला, परत.

बालाजीला कळवलं, नाल्यातून परत या. तो म्हणाला, "नाला? से अगेन."

"नाला. कन्फर्म."

"तू म्हणतोस म्हंजे बरोबर असंल. रॉजर."

खरा निरोप होता, नाल्यात बर्फ सैल आहे, डोंगराच्या धारेवरून परत या. पंधरा पाचला नाल्यात बर्फ कोसळला. पाच गेले होते, चार आले. चौकशीत मी सगळं खरं सांगितलं, शिक्षा भोगली. पण त्यानं बालाजी काही परत आला नाही.

संध्याकाळी महादेवीच्या घरी गेलो. वडील म्हणाले, "लेकीला न्हाय झेपत, साहेब. ऱ्हाऊ द्या."

"तिला झेपत होतं. मलाच झेपलं नाही," मी म्हणालो. दारात उभ्या असलेल्या पोरीची माफी मागितली आणि बालाजीचं सगळं सांगितलं.

तिनं विचारलं, "तुम्ही तिसऱ्यांदा विचारलं असतं तर?"

"तर तो आज घरी असता."

तिनं दाराची चौकट सोडली. मग बापाकडं वळून म्हणाली, "अप्पा, उद्या म्या शाळेला जाती."

आली. सहा वेळा विचारलं. मी सहा वेळा सांगितलं, दोनदा भाकरीचे तुकडे करून. सातव्या वेळी ती स्वतः उठली, फळ्यापाशी गेली. "अर्धा आन् तिसरा, तुकडं सारखं न्हाईत. आधी सारखं करायचं, मंग मोजायचं." पाच षष्ठांश लिहिलं.

"रॉजर," मी म्हणालो.

बालाजीनं एकदाच विचारलं, कारण सांगणारा मी होतो. म्हणून दर वर्षी पहिल्या तासाला मी फळ्यावर त्याचं नाव लिहितो आणि पोरांना बजावतो, "सरांवर भरवसा ठेवायचा न्हाय. परत विचारायचं."