मुशीचं तेल

दांडीच्या कोळीवाड्यात आमच्या शेजारी मंजुळामावशी आणि तिचा एकुलता एक मुलगा दामू राहायचे. एकोणनव्वद साली दामू डोलकाठीवरून घसरला आणि होडीच्या फळीवर पाठीवर आदळला. कमरेखालचं अंग गेलं. चिमटा काढला तरी कळायचं नाही. लोकांच्या जिभेला हाड नसतं. 'यापेक्षा सुटला असता तर बरं' असं ते मावशीच्या तोंडावर म्हणायचे. मला त्यांचा अजून राग येतो. मावशीचं एकच मागणं होतं, "एकदा त्याला उबा बगते, मंग माजे डोले मिटले तरी चालंल."

बोईसरला एका ट्रस्टचं केंद्र होतं. तिथल्या डॉक्टरीणबाई दामूच्या मांड्यांवर ओल्या पट्ट्या बांधून यंत्राने हलका करंट सोडायच्या. मांडीचे स्नायू आवळले की गुडघे ताठ व्हायचे आणि दोन्ही बाजूंचे दांडे धरून माणूस थोडा वेळ उभा राहू शकायचा. मासळीच्या टेम्पोतून दर सोमवारी मी त्याला न्यायचो. बरेच महिने पाय नुसते थरथरले. मग एका सोमवारी दामू चक्क उभा राहिला. तो माझ्यापेक्षा उंच आहे हे मी विसरूनच गेलो होतो.

करंटच्या भीतीने मावशी तिथे कधी आली नव्हती. बातमी ऐकली आणि म्हणाली, "फुडच्या सोमवारी मी पन येनार."

त्या सोमवारी पहाटे, दामू झोपेत असताना, तिने त्याच्या मांड्यांना मुशीचं, म्हणजे शार्क माशाचं, तेल चोळलं. आमच्याकडे हे तेल होडीला पाजतात, म्हणजे लाकूड पाण्यात टिकतं. होडी टिकते तर पोराचे पाय का टिकू नयेत, असा तिचा साधा विचार. ती चोळतेय हे दामूला कळणार कसं? आणि दांडीत तो वास कुणाच्या नाकाला वेगळा जाणवतो! बाईंनीही कोळ्याच्या अंगाचा वास म्हणून सोडून दिलं असेल. नेहमीसारखं ओल्या फडक्याने पुसलं आणि पट्ट्या बांधल्या.

पाय हलेनात. मावशी पदराचं टोक तोंडात धरून भिंतीशी उभी होती. दामूचा चेहरा उतरला.

"वाडवा बाई," तो म्हणाला, "आये आलीय."

बाईंनी करंट वाढवला, आणखी वाढवला, आणि दामू उभा राहिला.

मावशी पुढे आली. मान वर करून तिने त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या गालावरून हात फिरवला आणि खुळ्यासारखी हसली. बाई त्याला बसवायला निघाल्या तशी हात जोडून म्हणाली, "जरा ऱ्हाऊ द्या ना बाई. डोले भरून बगू द्या." बाईंना नाही म्हणवेना.

पट्ट्या सोडल्या तेव्हा कातडीही पट्टीबरोबर आली. तेलातून करंट जाईना, म्हणून जिथे तेल लागलं नव्हतं तेवढ्याशा जागेतून तो सगळा गेला होता. मांडी भाजून निघाली होती आणि दामू अजून हसत होता.

"तेल कुणी लावलं?" बाई ओरडल्या.

दामूने एकदा मांडीकडे पाहिलं, एकदा आईकडे. "मीच लावला बाई," तो म्हणाला.

जखम दिवाळीनंतरही भरली नाही. आत पू झाला, तापाने तो झडला, गुडघे आखडले. आता पुन्हा उभं करता येणार नाही, हे सांगताना बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. तेल तिनेच लावलं हे सगळ्यांनी ओळखलं होतं, पण मावशीला कुणी एका शब्दाने बोललं नाही. कुणी चार शिव्या घातल्या असत्या तर तिला हलकं वाटलं असतं.

ती त्याला जेवू घालायची, कूस बदलायची, पण उघड्या हाताने त्याच्या पायांना शिवायची नाही. एका दुपारी मी तिथे बसलो होतो, तेव्हा दामू म्हणाला, "आये, पाय लय ठनकतान. जरा चोल ना."

"नको रे बाबा. माजा हात वायट हाय."

दामूने तिचा हात ओढून घेतला आणि मांडीवरच्या त्या व्रणावर दाबून धरला. "आता बरा वाटते," तो म्हणाला.

त्या पायांना ठणका कळत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? मावशीने हंबरडा फोडला.