सतरा छेद पाच

वैजनाथ सेलूकर सर चिकलठाण्याच्या आमच्या शाळेत गणित शिकवतात. मी तिथंच तासिकेवर मराठी शिकवतो. त्यांचं वय सत्तावन्न, माझं सव्वीस. तरी शाळेत त्यांचा मित्र म्हणावा असा मीच.

त्यांच्या पत्नी उमाकाकू गेल्यापासून सर घरी फक्त झोपायला जात. शाळा सुटली की वरच्या मजल्यावर कम्प्युटरच्या खोलीत बसत. चार मशीन, त्यातली दोन चालू. सातवीची सात-आठ मुलं थांबत. बहुतेकांचे वडील वाळूजला कंपनीत. सर त्यांना छोटे प्रोग्राम लिहून अपूर्णांक बदलायला शिकवत. सतरा छेद पाच म्हणजे किती पूर्ण आणि वर किती, हे मशीनकडून काढून घ्यायचं.

मशीन दोनच, म्हणून त्यांनी एक पद्धत काढली होती. एका मुलानं फळ्यावर सूचना लिहायच्या. दुसऱ्यानं खुर्चीवर बसून मशीन व्हायचं. मशीननं फळ्यावर आहे तेवढंच करायचं. डोकं चालवायचं नाही, खूण करायची नाही, आपण होऊन थांबायचं नाही. चूक लिहिणाऱ्यानंच शोधायची.

गेल्या जूनमध्ये संस्थेनं ती खोली ऑनलाइन परीक्षांच्या केंद्राला द्यायचं ठरवलं. सर अध्यक्षांना, नानासाहेबांना, जाऊन भेटले. नानासाहेब म्हणाले, "शुक्रवारी येतो. पोरांना खरंच काही येत असंल तर खोली तुमची."

त्या आठवड्यात सरांनी स्वतः खिडक्या पुसल्या. मला म्हणाले, "खोली गेली तर संध्याकाळी कुठं बसायचं रे?"

मी हसलो. त्यांनी खरंच विचारलं होतं.

शुक्रवारी नानासाहेब हेडमास्तरांना घेऊन आले आणि दहा मिनिटांत लाइट गेली.

"घ्या! आता काय दाखवता?"

"लाइटशिवाय चालतं आमचं," सर म्हणाले.

"बरं. पण पाठ केलेलं नको. ए पोरी, तू लिही. सतरा छेद पाच."

अनसूया उठली. वर्गातली सगळ्यात अबोल मुलगी. तिनं फळ्यावर तीन ओळी लिहिल्या. अंशातून छेद वजा कर. पूर्णांकात एक मिळव. परत पहिल्या ओळीवर जा.

सर खुर्चीवर बसले. "मी मशीन."

पोरं खुदखुदली.

"बारा. पूर्णांक एक," सर म्हणाले. "सात. पूर्णांक दोन. दोन. पूर्णांक तीन."

"हां, जमलं की!" नानासाहेबांनी मांडीवर थाप मारली. "तीन पूर्णांक दोन छेद पाच. वा गं पोरी! सर, खोली–"

"वजा तीन. पूर्णांक चार."

नानासाहेबांचा हात तसाच राहिला.

"वजा आठ. पूर्णांक पाच."

"अहो, आलं ना उत्तर. थांबा की."

सरांनी त्यांच्याकडं पाहिलं नाही. कुठं थांबायचं, हे अनसूयानं लिहिलंच नव्हतं. मला ते दिसत होतं. सरांना तर केव्हाच दिसलं असणार.

"सर," मी दारातून हळूच म्हणालो.

"वजा तेरा. पूर्णांक सहा."

"लई झालं," नानासाहेब उठले. "कुठं थांबायचं ते मास्तरलाच कळंना, पोरांला काय शिकवता!"

ते जिना उतरले. हेडमास्तर मागं धावले. खाली गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. सर मोजत होते. अनसूया खडू धरून फळ्याकडं बघत होती. डोळे पुसत तिनं एकेका ओळीवरून बोट फिरवलं. वजा अठ्ठावीसला तिनं दुसऱ्या ओळीखाली दाटीवाटीनं लिहिलं. अंश छेदापेक्षा लहान झाला तर थांब.

सर थांबले.

"आता पहिल्यापासून," ते म्हणाले. बारा, सात, दोन. बरोबर तीन पूर्णांकांवर थांबले. अनसूया रडत रडत हसली.

बुधवारी खोलीला नवं कुलूप लागलं. मशीनं व्हरांड्यात पोत्याखाली ठेवली. मुलांना साडेपाचलाच घरी पाठवलं. सर जिन्याच्या पायरीवर बसले होते.

मला राग आवरला नाही. "तीन पूर्णांकांवर गप्प बसला असता तर काय बिघडलं असतं? नानासाहेबांनी तर शब्दच दिला होता, सर!"

"तिला वाटलं असतं, बरोबर लिहिलंय."

"नंतर सांगता आलं असतं तिला."

"सांगून कळतं का?" ते सहज म्हणाले, जणू मी वेळ विचारली होती. मग थोडं थांबून, "तीन छेद पाच दिला तर अजून चुकतंय तिचं. ती थांबायची ओळ सगळ्यांत वर हवी. आज काढणार होतो तिच्याकडून."

शिपायानं दिवे घालवायला सुरुवात केली. मला खुलताबादची शेवटून दुसरी बस गाठायची होती.

"तू नीघ," सर म्हणाले. "मी बसतो जरा."

फाटकाशी शिपाई किल्ल्या वाजवत उभा होता. सर अजून आत आहेत, हे मी त्याला सांगितलं.