सर्टिफिकेटबरोबर मीही

फार्मसीचा डिप्लोमा झाला, लग्न झालं, मुलगी दोन वर्षांची झाली आणि मी नोकरी शोधायला लागले. हिंजवडीकडे नव्या कंपन्या उभ्या राहत होत्या, तेव्हाची ही गोष्ट. शनिवार पेठेतल्या एका औषधांच्या दुकानाला फार्मासिस्ट हवा होता. मालक साठीचे, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यात दोरीला चष्मा. माझी कागदपत्रं बघून म्हणाले, "उत्तम. सर्टिफिकेट फ्रेम करून आणा. पगार घरपोच मिळेल. आपण यायची तसदी घेऊ नका."

मला आधी उमगलंच नाही. दुकानात फार्मासिस्ट हवा असा कायदा, म्हणून काही ठिकाणी त्याचं सर्टिफिकेट भिंतीवर असायचं आणि माणूस भलतीकडेच. घरात लहान मूल असताना मला ते सोयीचंच होतं. पण एवढं शिकून ते नुसतं खिळ्याला टांगायचं, हे मनाला पटेना.

"काका, सर्टिफिकेट आलं तर मीही येणार," मी म्हटलं.

"या की. खुर्चीला कोण नाही म्हणतंय?"

खुर्ची मिळाली ती आत, खोक्यांच्या गर्दीत. काम कुणी सांगेना. मग मी आपणहून मुदत संपलेल्या गोळ्या वेगळ्या काढायला लागले. फ्रीजमध्ये इन्शुलिनला चिकटून काकांचा ताकाचा तांब्या असायचा. तो बाहेर काढला आणि आत थर्मामीटर ठेवला.

"आता फ्रीजलाही ताप येणार का?" काकांनी विचारलं. मात्र दुसऱ्या दिवसापासून ते ताक घरूनच पिऊन यायला लागले.

दोनेक महिने असे गेले. एका सकाळी दुकानात गर्दी होती. एक निवृत्त मास्तर डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आले. नेहमीचं गिऱ्हाईक. काकांनी चिठ्ठीवर नजर टाकली, मागे न बघताच फळीवरून स्ट्रिप ओढली आणि पाकिटात घालायला लागले. मी आतून बघत होते. ती गोळी साखर कमी करणारी होती. मी पुढे आले.

"सर, आपल्याला मधुमेह आहे का?"

"नाही. आणि चौकशी डॉक्टरांनी केलेली आहे. आपण गोळ्या द्या."

"तरी सांगा ना, कशासाठी गेला होतात?"

"पाठ धरली आहे. झालं समाधान?"

मी काकांच्या हातातलं पाकीट हळूच घेतलं आणि चिठ्ठी त्यांच्यासमोर धरली. पाठदुखीच्या गोळीचं आणि या गोळीचं नाव, एका अक्षराचा फरक. डॉक्टरांचं ते अक्षर कुठूनही कसंही वाचता येत होतं. काकांनी चष्मा चढवला, दोनदा वाचलं. मग फोन उचलून डॉक्टरांनाच विचारलं. पाठदुखीचीच होती.

ती गोळी घेऊन मास्तर उपाशीपोटी नदीकाठी फिरायला गेले असते तर, हाच विचार माझ्या डोक्यात. काकांना वेळ मारून नेता आली असती. पण ते सरळ म्हणाले, "मास्तर, मी चुकीची गोळी काढली होती. या बाईंनी पकडली."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं, मग आतल्या खुर्चीकडे. "मग यांना अडगळीत का ठेवलंय?"

दुसऱ्या दिवशी मी आले तर माझी खुर्ची काउंटरपाशी होती, आणि त्या दोन गोळ्या दोन वेगळ्या फळ्यांवर. त्यानंतर आम्ही नियमच केला: गोळीचं नाव मोठ्यांदा वाचायचं, मुदत दाखवायची, कशासाठी आहे ते विचारायचं. पेठेतली माणसं कुरकुरली. "तोंडी परीक्षा आहे का?" असंही एकाने विचारलं. पण उत्तरं मात्र सगळे देत.

पुढे कॉम्प्युटर आला, हिंजवडीतली मुलं गिऱ्हाईक झाली. वर्ध्याकडचा एक इंजिनिअर गावच्या आईसाठी इन्शुलिन न्यायला यायचा. पहिल्याच वेळी मी विचारलं, "गावात लाइट किती वेळ असते?"

"मॅडम, असते कमी, जाते जास्त."

त्याला थर्मासमध्ये बर्फ कसा ठेवायचा, बाटली थेट बर्फाला का लागू द्यायची नाही, हे दाखवलं. घरी बाटली डबीत घट्ट बंद करून माठाच्या गारव्यात ठेवायला सांगितलं. तो रात्रीच्या गाडीत बसला. दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात फोन आला, काकांनी घेतला.

"पोचलं म्हणतोय," ते मला म्हणाले. "बाटली गार आहे, आणि त्याची आई विचारतेय, त्या बाईंना भेटायला कधी येऊ?"

"कधीही या म्हणावं," मी म्हटलं. "मी इथेच असते."