जेवणाची कच्ची शिवण

माझी नातसून शिवणकाम करते. लग्नानंतर तिची आई पहिल्यांदाच आमच्याकडे जेवायला येणार होती. "हिला धड पाणी उकळता येत नाही, ही काय संसार करणार," असं म्हणणारी बाई ती. पोरीने मुद्दाम पाच पदार्थांचा बेत आखला. सूप, सॅलड, मासे, कोंबडी आणि शेवटी कस्टर्ड, एकापाठोपाठ एक.

आदल्या दिवशी मला म्हणाली, "आजी, कपडा आधी कच्चा शिवून अंगाला लावून बघतात. आज तुमच्यावर कच्ची शिवण."

आम्ही सूपवरच तुटून पडलो. मासे येईपर्यंत नातवाने पट्टा सैल केला आणि कोंबडीकडे कुणी बघेना. ती चिडली नाही. "माप ढगळ झालं. उद्या सगळं निम्मं वाढते," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिच्या आईने सूपची रिकामी वाटी पुढे केली. "वाढ की अजून. का एवढंच केलंयस?"

पोरीने शांतपणे वाटी उचलली. "आई, अजून चार पदार्थ यायचेत."

बाई कस्टर्ड संपेपर्यंत जागच्या हलल्या नाहीत. निघताना चपला घालत लेकीला म्हणाल्या, "रविवारी बाबांना घेऊन येते. त्यांना तिखट सोसत नाही, तेवढं बघ."